ग्रुपवर सगळ्यांसमोर वेबसाइटची सालटी काढली. उत्तर काय द्यावं?

जुना डीटीपीवाला (पंचवटी, नाशिक)

मंडळी, सल्ला पाहिजे. जरा सविस्तर लिहितो, नाहीतर निम्मं समजणार नाही.

मी मूळचा डीटीपीवाला. रविवार कारंजाजवळच्या एका प्रेसमध्ये लग्नपत्रिका, बिलबुकं, दशक्रियेच्या पत्रिका लावण्यात उमेदवारी गेली. लोक पत्रिका मोबाइलवरच पाठवायला लागले तसा मी दुकानांच्या वेबसाइटकडे वळलो. तयार थीम घ्यायची, मराठीत बसवायची, फोटो आपणच काढायचे, सगळा एकहाती कारभार.

अलीकडे भांडी बाजारातल्या एका तांब्या-पितळेच्या दुकानाची साइट केली. मालक साठीचे, धंदा त्यांच्या वडिलांनी सुरू केलेला. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय, गोदावरीचं पाणी भरून न्यायला तांब्याचे गडू लागतात, बाहेरगावचे व्यापारी आत्तापासून फोन करतायत, म्हणून साइटची घाई. पण दुकानाचं खरं पोट घाऊक मालावर. मंगल कार्यालयं, केटरर, देवस्थानं. मोठी पातेली, हंडे, घंगाळं, पराती.

साइट चालू झाली तशी मालकांच्या मुलानं कौतुकानं लिंक व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्याच रात्री ग्रुपमधल्या एका डिझायनरनं स्क्रीनशॉटवर लाल गोल काढून एकामागून एक पोस्ट टाकायला सुरुवात केली. रंग फिके, काही वाचता येत नाही. मथळ्यांची अक्षरं तुटलेली. वजनाचा तक्ता म्हणजे एक्सेल चिकटवलंय. कार्ट नाही, 'विकत घ्या'चं बटण नाही, त्याऐवजी फोन नंबर तीनतीनदा. एकूण काम दहावीतल्या पोराचं. इथवर मी दात-ओठ खात वाचलं.

मग फोटो. पहिल्या पानावर अगदी वर मालकांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो आहे. त्यावर गोल काढून यानं लिहिलं, "भांडी विकतायत की श्रद्धांजली वाहतायत?" खाली पंधरा-वीस जणांचे हसण्याचे इमोजी. आणि सगळ्यात शेवटी, "कुणाला नीट साइट करून हवी असेल तर पर्सनलला या."

मालक ग्रुपवर एक अक्षर बोलले नाहीत. मुलाचा मात्र मला मेसेज, "दादा, हे काय? सगळं नवीन करून द्या आता, पैशाचं विचारू नका."

माझी अडचण ऐका. तो फोटो तिथे नको, हे मी मालकांना दोनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, "दुकानात शिरल्यावर पहिले तेच दिसतात, इथेही तेच दिसले पाहिजेत." आता ग्रुपवर मी "मालकांनी सांगितलं म्हणून ठेवला" असं लिहिलं तर मी सुटतो, पण मालक भर बाजारात उघडे पडतात. नाही लिहिलं तर ते माझ्या नावावर. काय करावं? उत्तर द्यावं का, कुठे द्यावं, आणि फुकट करून द्यावं का?

---

सातपूरकर

गप्प बसा. ग्रुप आहे तो, उद्या कुणीतरी गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल टाकलं की सगळं वर सरकेल. दुसऱ्याचं काम पाडून आपलं घोडं पुढे दामटणारे लोक बाजाराला नवीन नाहीत. मुलाला चहा पाजा आणि सोडून द्या.

---

फ्रंटएंडवाली (इंदिरानगर)

सातपूरकरांशी मी सहमत नाही. गप्प बसलं की ग्रुपातले दोनशे लोक त्याचंच खरं धरून चालतात.

दादा, तुम्ही मला लिंक पाठवलीत, मी साइट मोबाइलवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे बघितली. आधी त्या माणसाची भाषा बाजूला काढा आणि मोजता येतं तेवढंच धरा.

रंगाचं तो बरोबर बोलतोय. तुम्ही क्रीम पार्श्वभूमीवर तांब्याच्या रंगाची अक्षरं घेतलीयत. डब्ल्यूसीएजी नावाचे सुगम्यतेचे निकष आहेत, त्यांत साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, लागतो. तुमची जोडी साधारण ३.६ ला १ भरते. म्हणजे मोठ्या मथळ्यांना चालेल, पण खालच्या बारीक मजकुराला नापास. तोच रंग गडद करा, भट्टीतून काढलेल्या जुन्या बंबासारखा, ६ च्या वर जाईल आणि तांब्याचं तांबंही राहील. खात्री करायची असेल तर दुपारी दुकानाच्या पायरीवर उभं राहून, ओरखडे पडलेल्या काचेच्या साध्या फोनवर उघडून बघा. तुमचं गिऱ्हाईक तिथेच आणि तसंच बघणार आहे.

अक्षरं तुटलीयत हेही खरं, पण त्याचं कारण त्याला ठाऊक नसावं, नाहीतर ते मिरवल्याशिवाय राहिला नसता. इंग्रजीसाठी बनलेल्या थीममध्ये मथळ्यांना बऱ्याचदा लेटर-स्पेसिंग आधीच लावलेलं असतं. इंग्रजीत ऐटदार दिसतं. देवनागरीत प्रत्येक अक्षरानंतर फट पडते आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. ते शून्य करा. हात फिरवताय तर ओळींमधलं अंतरही वाढवा, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतोय, 'वस्तू' आणि 'किंमत' एकमेकांवर आलेत.

एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटलीय, ती मी सांगते. पानाची भाषा थीमनं इंग्रजीच ठेवलीय. ती मराठी करा. ज्या फाँटमध्ये मराठीची वेगळी सोय असते तिथे मग ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. शिवाय अंध माणसाच्या फोनवर पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कुठल्या भाषेत वाचायचं तेही कळतं.

फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेत, एकेक पाच-सहा एमबीचा. पानातला सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गूगलची अपेक्षा असते. माझ्या फोनवर तुमची समई यायला लागेपर्यंत मी कुकरची शिट्टी बंद करून आले. वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये बदला, रुंदी कमी करा.

आता तक्ता. तक्ता असणं चूक नाही, पण तुम्ही तो चित्र म्हणून टाकलाय. फोनवर बोटानं मोठा केला की व्यासाचा रकाना बाहेर जातो आणि वजन कशाचं ते कळत नाही. मजकुराचा खरा तक्ता करा, पहिला रकाना जागेवर राहील आणि बाकीचे आडवे सरकतील असं.

---

ओझरचा किराणा

मी वेबसाइटवाला नाही, दुकानदार आहे. म्हणून त्या मालकांच्या बाजूनं बोलतो.

कार्टचा मुद्दा मला हास्यास्पद वाटला. तांब्या-पितळेचं भांडं वजनावर जातं, आणि तांब्याचा भाव रोज हलतो. त्यात हातानं ठोकून मठारलेलं पातेलं असेल तर एकाच मापाच्या दोन पातेल्यांचं वजन सारखं भरत नाही. 'विकत घ्या' बटण दाबून गिऱ्हाईक नेमकं कुठली रक्कम भरणार? आमच्या मेव्हण्याचं मंगल कार्यालय आहे, तो घेताना फोन करतो, गेज म्हणजे पत्र्याची जाडी विचारतो, आजचा भाव विचारतो, कल्हई म्हणजे आतून कथलाचा मुलामा करून देणार का विचारतो, मग जाऊन भांडं वाजवून बघतो. अशा माणसाला फोन नंबर तीनदा दिसला तर बरंच आहे. चौथ्यांदा टाका.

कल्हईवरून आठवलं. तुमच्या साइटवर कल्हईची माहिती सगळ्यात तळाला आहे. नवीन पिढीला तांब्याचं पातेलं हौसेनं घ्यायचं असतं, पण आत कल्हई नसताना त्यात आंबट शिजवू नये, ताक-चिंच ठेवू नये, हे माहीत नसतं. त्या दुकानात दिवसभर फोनवर हेच सांगत बसत असतील. ते वर आणा.

फोटोबद्दल. हे बोलणं फार लागतं, आणि त्या मालकांना लागलं असणारच. पण दादा, दुकानातल्या फोटोची जागा गल्ल्याच्या वर असते. गिऱ्हाईक मालाकडे बघतं, पैसे देताना मान वर करतं तेव्हा वडील दिसतात. साइटवर तुम्ही तो दाराच्या चौकटीत लावलाय, त्यामुळे आत यायला त्यांना ओलांडावं लागतं. मालकांना असं सांगून बघा. 'डिझाइन' हा शब्द उच्चारू नका.

---

लाल शाई

सगळे मिळून त्याला गोंजारताय, म्हणून मी लिहितो. मीही डिझाइन करतो, नाशकातच. मी तो माणूस नाही, आधीच सांगून ठेवतो.

फोटोवरची टर वाईट होती. त्यापुढे? बाईंनीच वर मोजून दाखवलंय की रंग, अक्षरं, तक्ता, तिन्ही ठिकाणी त्याचं बोट बरोबर जागी पडलं. त्यानं गोड बोलून खासगीत सांगितलं असतं तर तुम्ही यातलं किती बदललं असतंत? "बघतो" म्हणून पुढच्या सिंहस्थापर्यंत ठेवलं असतंत. हे तुम्हालाच उद्देशून नाही, आपल्या धंद्यात सगळे असेच वागतात, मीही.

आणि ते 'मालकांनी सांगितलं म्हणून'. ग्रुपवर नका लिहू, हे तुम्हाला कळतंय ते चांगलं. पण स्वतःशीही ते वाक्य वापरू नका. गिऱ्हाइकाला "नको" म्हणणं वेगळं आणि तीच गोष्ट दुसऱ्या जागी लावून दाखवणं वेगळं. दोनदा सांगितलंत म्हणता. एकदा तरी करून दाखवलंत का?

फुकट करायचं की नाही: जे नीट वाचता येत नाही ते फुकट. बाकीचं नवीन काम, त्याचे पैसे.

---

जुना डीटीपीवाला

लाल शाई, झोंबलं. पण करून दाखवलं नव्हतं, हे खरं.

रंग, मथळे, ओळींचं अंतर, पानाची भाषा एवढं काल रात्रीच केलं. पत्रिकेत मथळा ताणून बसवायचा ही हाताची जुनी सवय, तिथे शिरोरेषा मी जोडून घ्यायचो, इथे ब्राउझर जोडत नाही. फोटो हलके करायचं काम अजून चालू आहे. तक्ता जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये केलेला आहे, त्याचा फाँट युनिकोड नाही, कॉपी केलं की नुसती चिन्हं येतात. पूर्ण नव्यानं टाइप करावा लागणार, त्यामुळे त्याला वेळ लागेल.

ग्रुपवर टाकायला हे लिहिलंय. बघा जरा:

"आपण माझ्या कामावर जी टीका केली ती वाचून वाईट वाटले. मी गेली अनेक वर्षे या क्षेत्रात प्रामाणिकपणे काम करत आहे. कुठलेही काम शंभर टक्के निर्दोष नसते. रंग व अक्षरांबाबत आपले म्हणणे योग्य असले तरी ते सांगण्याची ही पद्धत नव्हे. आपण स्वतःचे काम मिळवण्यासाठी दुसऱ्याला खाली दाखवत आहात हे सर्वांच्या लक्षात आले आहे. वजनाचा तक्ता व फोन नंबर का आहेत हे समजण्यासाठी आधी धंदा समजावा लागतो. दिवंगत व्यक्तीची थट्टा करणे आपल्या संस्कृतीत बसत नाही."

---

फ्रंटएंडवाली

दादा, हे निषेधाचं पत्रक झालंय, फक्त खाली सह्या घ्यायच्या राहिल्यात. 'वाईट वाटले', 'प्रामाणिकपणे', 'संस्कृती' हे सगळं काढा. तो काम मिळवायला करतोय हेही काढा. लोकांना ते दिसलंय, आणि तुम्ही म्हणालात की तुम्हीही तेच करताय असं दिसतं.

मी असं लिहीन:

"साइट इतकी बारकाईनं बघितल्याबद्दल आभार. खालचा मजकूर फिका होता आणि मथळ्यांची शिरोरेषा तुटत होती, दोन्ही दुरुस्त केलंय, लिंक तीच आहे. वजनाचा तक्ता फोनवर नीट दिसत नाही, तो या आठवड्यात बदलतोय. तक्ता आणि फोन नंबर मात्र राहतील, घाऊक गिऱ्हाईक त्यावरच मागणी देतं. आणखी काही दिसलं तर मला थेट फोन करा."

---

सातपूरकर

आणि फोटोबद्दल काहीच नाही? तेवढं सोडून दिलं तर भेकडपणा दिसेल. एक ओळ पाहिजेच: "फोटोबद्दल जे लिहिलंत ते लिहायला नको होतं." बस.

---

लाल शाई

गप्प बसा म्हणणारे सातपूरकर आता तलवार घेऊन आलेत.

ती ओळ यानं लिहू नये. वडील याचे नाहीत. यानं मालकांच्या वतीनं दुखावून घेतलं की मालकांना परत ग्रुपवर येऊन काहीतरी बोलणं भाग पडतं, त्यांची इच्छा असो-नसो. आधी त्यांना जाऊन भेटा, मग बोलायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

---

जुना डीटीपीवाला

आज दुपारी दुकानात जाऊन आलो. लॅपटॉपवर दोन पानं तयार करून नेली होती. एक आहे तसं, आणि दुसऱ्यात वर हातावर धरलेल्या गडूचा फोटो, आणि वडील 'आमचं दुकान' या पानावर. मालकांनी चष्मा चढवून दोन्ही बघितली, बोलले काहीच नाहीत. मी ओझरवाल्यांचं गल्ल्याचं वाक्य टाकलं. तेव्हा ते उठले, आतल्या खोलीतून एक जुना कृष्णधवल फोटो घेऊन आले. वडील तरुण, उघड्या अंगानं जमिनीवर बसलेले, एका पायानं हंडा धरलाय आणि मठारायची हातोडी वर उचललेली. हंड्याच्या निम्म्या भागावर ठोके उमटलेत, निम्मा अजून कोराच. म्हणाले, "मग हा लाव. हार घातलेला इथेच राहू दे."

दुकानातल्या दुकानात स्कॅन करता येणार नव्हता, म्हणून दारातल्या उजेडात मोबाइलनं काढलाय. कोपऱ्यात वाळवी लागलीय, तेवढी तशीच ठेवणार.

मुलाशी पैशाचं बोलणं जरा ताणलं. जे वाचता येत नव्हतं ते माझ्याकडून, तक्ता नव्यानं टाइप करायचे निम्मे पैसे, आणि कल्हईचं नवीन पान पूर्ण पैशात. तो "पप्पांना विचारतो" म्हणाला. पप्पा शेजारीच बसले होते, गिऱ्हाइकाला समईचं वजन करून देत. त्यांनी तराजूवरची नजर न हलवता "देऊन टाक" म्हटलं.

फ्रंटएंडवाल्या ताईंचा मजकूर एक शब्दही न बदलता संध्याकाळी ग्रुपवर टाकला. त्या डिझायनरनं अंगठा दिला, त्यापुढे काही नाही. तासाभरानं मालकांनी स्वतः लिहिलं, त्यांचा ग्रुपवरचा बहुधा पहिलाच मेसेज: "फोटो आमच्या वडिलांचा होता. बघायचा असल्यास दुकानी यावे. सोमवारी बंद."

---

ओझरचा किराणा

मालकांना माझा नमस्कार सांगा. मेव्हण्याला लिंक पाठवलीय, त्याला पराती बघायच्यात.

---

फ्रंटएंडवाली

छान झालं. तक्ता टाइप करताना आकडे मराठी ठेवताय की इंग्रजी ते आधीच ठरवा, अर्धे असे अर्धे तसे नकोत. आणि तो कृष्णधवल फोटो कितीही आवडला तरी पाच एमबीचा चढवू नका.

---

जुना डीटीपीवाला

चढवला होता. आता उतरवतो.